विधेयक, कायदा आणि नागपूरचा नागरिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, त्यामुळे कायदे कसे होतात याविषयीचे कुतूहल येथे इतर शहरांपेक्षा अधिक आहे. मात्र बहुतेक प्रश्न सभागृहातील त्या मोजक्या दिवसांविषयी असतात, आणि नागरिकाच्या म्हणण्याला खरी जागा असते ती त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत. म्हणून पुढील उत्तरांचा भर मसुदा, समिती आणि नियम या तीन टप्प्यांवर ठेवला आहे.

आमची मागणी कायद्याची आहे की शासन निर्णयाची, हे कसे ओळखावे?

निवेदन लिहिण्यापूर्वी हे ठरवणे अत्यावश्यक आहे. विधानमंडळाने मंजूर केलेल्या आणि राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची अनुमती मिळालेल्या विधेयकाला अधिनियम म्हणतात. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासन जे तपशील ठरवते, ते नियम. सभागृहाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काढतात तो अध्यादेश. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा विधेयकाने घेतली नाही, तर तो संपुष्टात येतो. शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला सरसकट जीआर म्हणतो तो, एखाद्या विभागाचा प्रशासकीय आदेश असतो आणि त्यासाठी सभागृहाची मंजुरी लागत नाही.

अनुदानाची रक्कम, योजनेचे निकष, कार्यालयाचे स्थलांतर, कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन यांसारख्या मागण्या प्रामुख्याने शासन निर्णयाच्या कक्षेतील असतात. त्यासाठी ‘कायदा करा’ अशी घोषणा देणे म्हणजे महिन्याभरात होऊ शकणारे काम आपणच काही वर्षे लांबवणे होय. नवा गुन्हा ठरवायचा असेल, दंड किंवा शिक्षा लावायची असेल, कर बसवायचा असेल किंवा एखाद्याचा हक्क काढून घ्यायचा असेल, तर मात्र कायद्याशिवाय गत्यंतर नाही.

कोणता विषय राज्याचा आणि कोणता केंद्राचा?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत. पोलीस, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य, महानगरपालिका व ग्रामपंचायती हे विषय राज्याचे. संरक्षण, रेल्वे, बँका हे संघाचे. शिक्षण, वने, वीज, भूसंपादन, विवाह व वारसा हे समवर्ती सूचीत येतात, म्हणजे दोघेही त्यांवर कायदा करू शकतात. समवर्ती विषयात राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. अपवाद एवढाच की, राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली असेल तर तो त्या राज्यात चालतो. शिक्षण आणि वने हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. गोंदिया-गडचिरोलीच्या वनहक्कांचे गाऱ्हाणे मुंबईपुरते न राहता दिल्लीपर्यंत का न्यावे लागते, याचे एक कारण येथे सापडते.

विधेयकाचा मसुदा नेमका कोण लिहितो?

संबंधित प्रशासकीय विभाग प्रस्ताव तयार करतो, इतर विभागांचे आणि विशेषतः वित्त विभागाचे अभिप्राय घेतो, प्रस्तावाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळते आणि विधी व न्याय विभाग त्याला कायद्याच्या भाषेत बसवतो. हा सगळा प्रवास फाइलीत होतो आणि बाहेर फारसा दिसत नाही. तरीही कायद्याचा सांगाडा येथेच ठरतो, कारण मंत्रिमंडळाने एकदा मान्य केलेला मसुदा बदलणे हा पुढे मंत्र्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसतो.

काही विभाग मसुदा आधी प्रसिद्ध करून सूचना मागवतात, काही मागवत नाहीत. केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले असून त्यानुसार मसुदा किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. मात्र ते धोरण आहे, कायदा नव्हे, आणि ते पाळले गेले नाही म्हणून विधेयक रद्द होत नाही. म्हणून एखाद्या विषयावर काम करणाऱ्या संघटनेने संबंधित विभागाच्या सचिवांकडे आणि संचालनालयाकडे आपले टिपण विधेयकाची बातमी येण्याआधीच दिलेले बरे. अधिकाऱ्यालाही मसुदा लिहिताना हाताशी तयार माहिती हवी असते, ही गोष्ट आंदोलनकर्ते सहसा लक्षात घेत नाहीत.

सभागृहात विधेयक कोणत्या टप्प्यांतून जाते?

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत. मंत्री प्रथम विधेयक मांडण्याची, म्हणजे पुरःस्थापनेची परवानगी मागतात. या वेळी सहसा चर्चा होत नाही. त्यानंतर ‘विधेयक विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव येतो आणि तत्त्वांवर चर्चा होते. याच वेळी ते संयुक्त समितीकडे पाठवावे किंवा लोकमत अजमावण्यासाठी परिचालित करावे, असा पर्यायी प्रस्ताव सदस्य मांडू शकतात. पुढे खंडशः, म्हणजे विधेयकातील एकेका कलमाचा, विचार होतो. प्रत्येक खंड आणि त्यावरील दुरुस्त्या मतास टाकल्या जातात. शेवटी ‘विधेयक संमत करावे’ हा प्रस्ताव येतो. उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे साधे बहुमत पुरते. एका सभागृहाने संमत केल्यानंतर हाच क्रम दुसऱ्या सभागृहात होतो.

कागदावर हे फार भारदस्त दिसते. प्रत्यक्षात गोंधळ चालू असताना, सदस्य अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे हौद्यात, उतरलेले असताना, तीन-चार विधेयके काही मिनिटांत आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे नागपूरकरांनी अनेकदा पाहिले आहे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हुरडा पार्टीच्या छायाचित्राला या विधेयकांपेक्षा मोठी जागा मिळते, त्याचा दोष केवळ आमदारांना देता येणार नाही.

छापील विधेयक हाती आले तर ते कसे वाचावे?

बहुतेक वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि व्याख्यांच्या खंडात अडकतात. अनुभवी माणूस मागून वाचतो. खंड संपल्यानंतर ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते. हा कायदा शासनाला का हवा आहे, हे तेथे बऱ्यापैकी सरळ भाषेत सांगितलेले असते. राज्याच्या तिजोरीवर भार पडणार असेल तर ‘वित्तीय ज्ञापन’ जोडलेले असते. हे ज्ञापन खर्च नाही असे सांगत असेल आणि विधेयकात मात्र नवे प्राधिकरण, नवे निरीक्षक आणि नवी कार्यालये असतील, तर अंमलबजावणी कागदावरच राहण्याची शक्यता आहे, असे समजावे.

सर्वांत महत्त्वाचे पान असते ते ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’. कोणत्या खंडाने कोणती बाब शासनाने नियमांद्वारे ठरवावी म्हणून सोडून दिली आहे, याची जंत्री तेथे मिळते. शुल्क किती, अर्ज कोणाकडे, अपील किती दिवसांत, समितीवर कोण, असे सामान्य माणसाला भिडणारे सारे प्रश्न अनेकदा ‘विहित करण्यात येईल अशा’ या चार शब्दांत गुंडाळलेले असतात. विधेयकात हे शब्द कुठे कुठे आले आहेत त्यांवर पेन्सिलने खूण करा. तुमच्या हरकतींची अर्धी यादी तेथेच तयार होते. मग व्याख्या वाचा, आणि शेवटी शिक्षेचे व ‘सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण’ देणारे खंड वाचा.

विधान परिषदेने विधेयक नाकारले तर काय होते?

विधान परिषद साधे विधेयक पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यास आणखी एक महिना रोखू शकते. त्यानंतर विधानसभेचेच म्हणणे चालते. धन विधेयक, म्हणजे कर व सरकारी खर्चाविषयीचे विधेयक, तर तिला १४ दिवसांतच परत करावे लागते. राज्यात दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची तरतूद नाही. ती केवळ संसदेसाठी आहे.

याचा अर्थ परिषद निरुपयोगी आहे असा होत नाही. तिच्या ७८ सदस्यांपैकी सात पदवीधर आणि सात शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात. नागपूर विभागातील सहाही जिल्ह्यांतील पदवीधरांना आपला प्रतिनिधी निवडता येतो. पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होत असल्याने नाव पुन्हा नोंदवावे लागते. एवढे न केल्यामुळे हजारो पदवीधर घरी बसतात आणि नंतर परिषदेवर टीका करतात.

संयुक्त समितीकडे विधेयक गेल्यास नागरिकांना काय करता येते?

कायद्याच्या प्रवासात नागरिकाला अधिकृतपणे बोलण्याची जी मोजकी ठिकाणे आहेत, त्यांपैकी हे सर्वांत मोलाचे. समितीवर दोन्ही सभागृहांचे आणि सर्व पक्षांचे सदस्य असतात. ती जाहिरात देऊन सूचना मागवू शकते, संघटनांना व तज्ज्ञांना साक्षीसाठी बोलावू शकते आणि खंडांत बदल सुचवू शकते. सभागृहात मतदानाच्या वेळी लागू होणारा पक्षादेश (व्हिप) समितीत नसतो, कॅमेरेही नसतात. त्यामुळे सत्ताधारी पक्षाचा सदस्य तेथे जी शंका मोकळेपणाने विचारतो, ती सभागृहात कधीच विचारणार नाही.

अलीकडचे ठळक उदाहरण महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे आहे. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात ते मांडले गेले आणि कामठीचे आमदार व महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. ‘व्यक्ती आणि संघटना’ यांच्याविषयीची मूळ व्यापक शब्दरचना बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटनांवर रोख ठेवण्यात आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढवण्यात आला. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. विरोधकांच्या मते हे बदल अपुरे होते आणि ‘तशा प्रकारच्या’ या शब्दांवरचा त्यांचा आक्षेप कायम राहिला. कायद्याच्या बाजूने असा किंवा विरुद्ध, हे बदल झाले ते समितीच्या टेबलावर.

महिलांवरील अत्याचारांसंबंधीच्या शक्ती विधेयकाच्या संयुक्त समितीनेही महिला संघटना व वकील यांचे म्हणणे ऐकले होते. डिसेंबर २०२१ मध्ये विधानमंडळाने ते एकमताने संमत केले, परंतु समवर्ती विषय असल्याने ते राष्ट्रपतींकडे गेले आणि कायद्यात त्याचे रूपांतर झाले नाही.

समितीला सूचना कशी लिहावी?

खंडनिहाय लिहावी. ‘हे विधेयक जनविरोधी असून तत्काळ मागे घ्यावे’ असे वाक्य असलेली पाचशे पत्रे आली, तर सचिवालय त्यांची एकत्रित नोंद घेते आणि सदस्यांसमोर ती एका ओळीत येतात. याउलट विशिष्ट शब्दांवर बोट ठेवणारे एक पत्र त्या खंडाच्या चर्चेवेळी वाचले जाते. समजा, शालेय वाहतुकीसंबंधी विधेयक आले आहे. त्यावरची उपयोगी सूचना साधारण अशी असेल:

‘खंड ७, उपखंड (२) मध्ये “सक्षम प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येईल” असे आहे. परवाना निलंबित झाल्याचा आदेश वाहनधारकाला केव्हा मिळाल्याचे समजावे, हे यात स्पष्ट नाही. म्हणून “आदेश मिळाल्याच्या दिनांकापासून” हे शब्द घालावेत. तसेच अपिलाचा निर्णय किती दिवसांत द्यावा याची मुदत नाही. ती साठ दिवस ठेवावी. कारण: निर्णय लांबल्यास शैक्षणिक वर्ष संपून जाते व अपिलाला अर्थ उरत नाही.’

खंड, आक्षेप, पर्यायी शब्द, कारण. प्रत्येक मुद्दा एका परिच्छेदात असावा. तुम्ही कोण आहात आणि या विषयाशी तुमचा संबंध काय, हे पहिल्या दोन ओळींत सांगावे. ऑटोचालक, पालक, मुख्याध्यापक किंवा वाहतूक निरीक्षक म्हणून काम केलेल्या माणसाच्या अनुभवाला समितीत वजन असते. भाषेची चिंता करू नये. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठीत लिहिलेले पुरते. टपालाने पाठवल्यास पोचदेय डाकेने पाठवावे, हस्ते दिल्यास झेरॉक्स प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा. प्रत्यक्ष साक्षीची इच्छा असेल तर पत्रात तसे स्पष्ट लिहावे लागते. कोणी आपणहून बोलावत नाही.

आमदाराला भेटून विधेयकाविरुद्ध मत द्यायला सांगावे का?

सांगण्यास हरकत नाही, परंतु फारशी आशा ठेवू नये. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याची आमदारकी जाऊ शकते. त्याला अशक्य गोष्ट मागण्यापेक्षा शक्य ती मागावी: खंडाला दुरुस्ती मांडणे, विधेयक संयुक्त समितीकडे पाठवण्याची मागणी करणे, मंत्र्याकडून सभागृहात आश्वासन घेणे. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करण्यासाठी विधानमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. पत्रकार परिषदेत दिलेल्या आश्वासनाला तसा कोणी वाली नसतो.

नागपूर शहरात विधानसभेचे सहा आणि जिल्ह्यात एकूण बारा मतदारसंघ आहेत. आपल्या आमदाराला अधिवेशनाच्या दिवसांत आमदार निवासात गाठण्याचा मोह टाळावा. त्या वेळी तेथे राज्यभरातून आलेल्या माणसांची रांग असते. ऑक्टोबरमध्ये त्याच्या मतदारसंघातील कार्यालयात मिळणारी वीस मिनिटे अधिक मोलाची.

आमदारामार्फत आणखी काय मांडता येते?

तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. हे प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी दाखल करावे लागतात, त्यामुळे डिसेंबरच्या अधिवेशनासाठी दिवाळीनंतर धावपळ करणाऱ्यांची वेळ बहुधा टळलेली असते. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर लक्षवेधी सूचना देता येते.

मंत्री नसलेला कोणताही सदस्य अशासकीय विधेयक मांडू शकतो. ते संमत होण्याची शक्यता अगदी कमी असते. संसदेत तर असे शेवटचे विधेयक १९७० मध्ये कायदा झाले. तरीही त्याचा उपयोग आहे, कारण मागणीला खंड-उपखंडांचे रूप मिळते आणि शासनाला आपली भूमिका नोंदवावी लागते.

विधानभवनावर मोर्चा काढल्याने कायदा बदलतो का?

१९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले आणि १९६० पासून, काही अपवाद वगळता, ते येथे होत आले आहे. करोनाकाळात २०२० आणि २०२१ ची अधिवेशने मुंबईत झाली. अधिवेशन आले की मोर्चे आले. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर किंवा टेकडी रोडवर पोलिसांच्या कठड्यांपाशी थांबतो, मोर्चेकरी रस्त्यावर बसकण मारतात, आणि बऱ्याच वाटाघाटीनंतर मोजक्या प्रतिनिधींच्या शिष्टमंडळाला मंत्र्याकडे नेले जाते. कधी मंत्रीच मोर्चाला सामोरे येतात. शांततेने व विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क अनुच्छेद १९ देतो. मार्ग, वेळ आणि ध्वनिक्षेपक यांसाठी पोलिसांची परवानगी आधी घ्यावी लागते.

मोर्चाने विषय चर्चेत येतो, आमदाराला सभागृहात तो उचलावासा वाटतो आणि शासनाला तारीख द्यावी लागते. विधेयकातील शब्द मात्र मोर्चाने बदलत नाहीत. त्यासाठी शिष्टमंडळाच्या हातातील कागद बदलावा लागतो. कठड्यापासून मंत्र्याच्या दालनापर्यंत पोहोचलेल्या शिष्टमंडळाकडे चौदा मागण्यांचे एकपानी निवेदन असेल, तर ‘सकारात्मक विचार करू’ यापेक्षा वेगळे उत्तर मिळणे कठीण. एक मागणी, संबंधित कलम आणि हवी ती शब्दरचना नेल्यास मंत्र्याला निदान विभागाच्या सचिवाला समोर बोलवावे लागते.

मागणी योग्य दारावर नेणे किती महत्त्वाचे आहे, हे गोवारी समाजाइतके कोणी भोगले नसेल. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला; त्यात स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्या दिवशी मोर्चाला सामोरे जाणे ही शासनाची जबाबदारी होतीच. परंतु अनुच्छेद ३४२ नुसार अनुसूचित जमातींची यादी बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. राज्य केवळ शिफारस करू शकते. पुढे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, तोही यादीत न्यायालयाला फेरफार करता येत नाही याच कारणाने.

राज्यपालांनी विधेयकावर सही केली नाही तर?

अनुच्छेद २०० नुसार राज्यपाल अनुमती देऊ शकतात, ती रोखू शकतात, धन विधेयक नसल्यास फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवू शकतात. फेरविचारानंतर विधानमंडळाने विधेयक पुन्हा संमत केल्यास अनुमती रोखता येत नाही. किती दिवसांत निर्णय घ्यावा, हे संविधानात लिहिलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात कालमर्यादा घालून दिल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना न्यायालयाला अशी मुदत ठरवता येत नाही, असे सांगितले.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक एप्रिल २०१६ मध्ये संमत झाले आणि राष्ट्रपतींच्या अनुमतीनंतर जुलै २०१७ मध्ये कायदा अमलात आला. म्हणजे ‘विधेयक मंजूर’ या मथळ्यानंतरही सव्वा वर्ष थांबावे लागले.

नागरिकांच्या रेट्यामुळे कायदा झाल्याचे उदाहरण आहे का?

जादूटोणाविरोधी कायदा हे सर्वांत बोलके उदाहरण. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी अनेक वर्षे मोहीम चालवली. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने एक मसुदा संमत केला, पण तो विधान परिषदेत अडला. विधानसभेने संमत केलेले आणि परिषदेत प्रलंबित असलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपुष्टात येते. २००९ मध्ये तसेच झाले आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले.

या प्रवासात मसुद्याचे नाव, व्याप्ती आणि अनुसूची अनेकदा बदलली. वारकरी संप्रदायातील काहींच्या हरकतींमुळे कोणत्या गोष्टींना हा कायदा लागू नाही, हेही त्यात स्पष्ट करावे लागले. कायद्याच्या समर्थकांना ही तडजोड वाटली असेल. पण विरोध करणाऱ्या नागरिकांनीही कायदा घडवला, हे मान्य करावे लागते. लोकायुक्त विधेयकाचाही असाच सावकाश प्रवास झाला: अण्णा हजारे यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर ते विधानसभेने डिसेंबर २०२२ च्या आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात संमत केले.

सभागृहाकडे थेट अर्ज करता येतो का?

होय. विधानमंडळाची विनंती अर्ज समिती त्यासाठीच आहे. अर्ज विहित नमुन्यात आणि सदस्यामार्फत सादर होतो. न्यायप्रविष्ट बाबीवर तो घेतला जात नाही. हा मार्ग संथ आहे, पण समिती संबंधित विभागाच्या सचिवाला साक्षीसाठी बोलावू शकते, आणि सामान्य निवेदनाला हे भाग्य लाभत नाही.

कायदा झाल्यावर आपले काम संपते का?

उलट, येथे सर्वांत कमी गर्दी असते. अधिनियमात ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीवर’ नियम करण्याचा अधिकार दिला असेल, तर शासनाला नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांचा विचार करावा लागतो. मोर्चाला हजारो माणसे येतात आणि नियमांच्या मसुद्यावर हरकतींची संख्या दोन आकडी होत नाही, असे चित्र असते. विकास आराखड्याच्या बाबतीत नागपूरकर जागरूक दिसतात, कारण आपल्या भूखंडावर आरक्षणाचा रंग पडलेला नकाशा डोळ्यांसमोर असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तेथे हरकत घेण्याचा आणि सुनावणीचा अधिकार आहे.

वीजदरांचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. विद्युत अधिनियम, २००३ नुसार दर ठरवण्यापूर्वी वीज नियामक आयोगाला जनतेच्या सूचना विचारात घ्याव्या लागतात. आयोगाची नागपुरातील सुनावणी आजवर अनेकदा धरमपेठेतील वनामतीच्या सभागृहात झाली आहे. आधी लेखी हरकत दिलेली व्यक्ती तेथे उभी राहून बोलते आणि वीज कंपनीला प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावे लागते. आकडेवारीचा अभ्यास करून आलेल्या एखाद्या ग्राहकाने कंपनीच्या गळतीच्या आकड्यावर प्रश्न विचारला की सभागृहातील वातावरण पालटते. शेवटच्या आदेशात हरकतींचा सारांश व आयोगाचे मत छापले जाते. आपल्या मुद्द्याचे काय झाले, हे प्रत्येकाला तपासून पाहता येते.

वेगळ्या विदर्भाचा कायदा नागपूरच्या विधानभवनात होऊ शकतो का?

नाही. नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेचा आहे. राष्ट्रपती विधेयक संबंधित राज्याच्या विधानमंडळाकडे मत कळवण्यासाठी पाठवतात, परंतु ते मत बंधनकारक नसते. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये पुनर्रचना विधेयक फेटाळले होते, तरी फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले आणि तेलंगणा झाले. विधानमंडळाचा ठराव राजकीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे, कायदेशीर अट म्हणून नव्हे.

न्यायालय कायदा करायला सांगू शकते का?

न्यायालय संविधानाशी विसंगत कायदा रद्द करू शकते, परंतु विधानमंडळाला अमुक कायदा कर असा आदेश देऊ शकत नाही. कायद्याची पोकळी असेल तेथे ते तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वे घालून देते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी विशाखा प्रकरणात १९९७ मध्ये अशी तत्त्वे आली आणि संसदेचा कायदा व्हायला २०१३ उजाडले.

संसदेतील विधेयकावर नागपुरातून मत कसे नोंदवावे?

विधेयक विभागसंबद्ध स्थायी समितीकडे किंवा संयुक्त समितीकडे गेले, तर ती वर्तमानपत्रांत व संकेतस्थळावर सूचना मागवते. मुदत अनेकदा दोन-तीन आठवड्यांचीच असते. पत्राची पद्धत वर सांगितल्याप्रमाणेच. खासदाराला पाठवलेली प्रत उपयोगी पडते, विशेषतः तो त्या समितीवर असेल तर.

विधेयकाची प्रत कोठे मिळते आणि कामकाज पाहता येते का?

मांडलेली विधेयके, समित्यांचे अहवाल आणि कार्यवृत्त महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. कामकाजाचे थेट प्रक्षेपणही होते. राजपत्र ऑनलाइन उपलब्ध असते आणि छापील अधिनियम सिव्हिल लाइन्समधील शासकीय मुद्रणालयाच्या ग्रंथागारात विकत मिळतात. प्रेक्षक गॅलरीसाठी आमदाराच्या शिफारशीने प्रवेशपत्र काढावे लागते, ओळखपत्र सोबत ठेवावे लागते आणि मोबाइल आत नेता येत नाही. विधेयकाचे नाव अर्धवट आठवत असेल तर वर्ष आणि विधानसभा विधेयक क्रमांक शोधावा. एकाच अधिनियमात वर्षभरात दोन-तीन सुधारणा विधेयके येतात आणि नावावरून त्यांच्यात हमखास गल्लत होते.